स्वयंपाकघर झालेलं चॅपल – डिअरहर्स्ट, इंग्लंड (सन १०५६)

सेव्हर्नकाठची

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. आम्ही ग्लॉस्टरच्या जवळ राहतो. आई उन्हाळ्यात इकडे आली होती तेव्हा एका रविवारी तिला ट्यूक्सबरीचं मोठं ॲबी (जुन्या मठाचं चर्च) दाखवलं आणि परत येताना वाटेत डिअरहर्स्टला वळलो. खेडं अगदीच छोटं आहे, सेव्हर्न नदीच्या काठावर, थोडी घरं, बाकी शेतं आणि मेंढ्या. इथे सेंट मेरीचं जुनं सॅक्सन (म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन लोक यायच्या आधीच्या काळातलं) चर्च आहे, बहुतेक लोक ते बघायला येतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण मी लिहायला बसलेय ते दुसऱ्याच इमारतीबद्दल, चर्चपासून हाकेच्या अंतरावर.

रस्त्यावरून बघितलं तर एक काळ्या लाकडी चौकटींचं, पांढऱ्या भिंतींचं जुनं शेतकऱ्याचं घर दिसतं, आणि त्याच्या एका टोकाला चिकटून दगडी, उंच, अरुंद असा एक भाग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की घराला जोडून धान्याचं कोठार बांधलंय. प्रत्यक्षात उलटं आहे. तो दगडी भाग आधीचा, सन १०५६ चा, आणि घर पाचेकशे वर्षांनी त्याला येऊन टेकलंय. हेच ऑडाचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. तिकीट नाही, रांग नाही, दार ढकलायचं आणि आत जायचं.

आत काही नाही. खरंच काही नाही, उघडे दगड, वर लाकडं, आणि शांतता. पुढची खोली साधारण २५ फूट लांब आणि १६ फूट रुंद, पण उंची इतकी की आपण खोल हौदाच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं. खिडक्या लहान आणि खूप वर. पलीकडे गोल कमान, आणि कमानीतून वाकून बघितल्यासारखी दिसणारी छोटी खोली, म्हणजे वेदीची जागा, आपल्या भाषेत गाभारा म्हणू या.

आई माहितीचा फलक माझ्याकडून मराठीत वाचून घेत होती. मी वाचता वाचता म्हटलं, "पुढे काही शतकं ही बाहेरची खोली स्वयंपाकघर म्हणून वापरत होते." आई एकदम थांबली. मग ती भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली, हात लावत. म्हटलं काय शोधतेस? तर म्हणे, "चूल कुठल्या भिंतीला होती ते बघतेय. आणि धूर कुठून जायचा गं, खिडक्या तर एवढ्या वर!"

त्या क्षणापासून ही वास्तू माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता गोष्ट सांगते. ऑडा हा राजा एडवर्डच्या (ज्याला इतिहासात कन्फेसर म्हणतात) नात्यातला, मोठा सरदार, अर्ल. त्याचा भाऊ एल्फ्रिक डिसेंबर १०५३ मध्ये इथेच डिअरहर्स्टला वारला. भावाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून ऑडाने हे चॅपल बांधलं. १२ एप्रिल १०५६ ला बिशप एल्ड्रेडने त्याचा अर्पणविधी केला. आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ऑडासुद्धा गेला, मरण्याआधी संन्यासी झाला होता. म्हणजे ज्याने बांधलं त्याला ते जेमतेम साडेचार महिने बघायला मिळालं. एल्ड्रेड पुढे यॉर्कचा आर्चबिशप झाला आणि १०६६ च्या नाताळात, नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्करर याच्या डोक्यावर मुकुट ठेवणारा तोच. दहा वर्षांत एवढं जग बदललं, पण या खेड्यातलं चॅपल तसंच उभं राहिलं.

इथली जमीन एडवर्डने दोन ठिकाणी वाटून टाकली होती, काही पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठाला आणि काही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीला. मोठं चर्च आणि मठ फ्रेंच मठाकडे गेला, चॅपलची बाजू वेस्टमिन्स्टरकडे. म्हणून शेजारच्या घराचं नाव आजही ॲबट्स कोर्ट आहे. गावाला प्रार्थनेसाठी मोठं चर्च होतंच, दोनशे पावलांवर दुसऱ्या चर्चची गरज कोणाला? १६व्या-१७व्या शतकापर्यंत चॅपल म्हणून त्याची ओळखच पुसली. घर येऊन चिकटलं, बाहेरच्या खोलीत चूल पेटली, मध्ये लाकडी माळा घालून वर झोपायच्या खोल्या केल्या, भिंतींना गिलावा केला. आणि मग सगळे विसरले. अगदी राहणारे पण.

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग. १६७५ मध्ये घराजवळच्याच बागेत सर जॉन पॉवेल यांना एक कोरीव दगड सापडला. लॅटिनमध्ये लेख: अर्ल ऑडाने हा राजप्रासाद आपला भाऊ एल्फ्रिक याच्या आत्म्यासाठी पवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सन्मानार्थ बांधवला, बिशप एल्ड्रेडने अमुक दिवशी अर्पण केला, वगैरे. एवढं स्वच्छ लिहिलेलं! दगड ऑक्सफर्डला गेला (आता ॲशमोलियन म्युझियमकडे आहे) आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं विद्वान लोक असंच धरून चालले की हा लेख त्या मोठ्या सेंट मेरी चर्चचा. ज्या इमारतीचा तो जन्मदाखला होता ती तिथेच चार पावलांवर उभी होती, पण तिच्यात कोणीतरी रात्रीचं जेवण रांधत होतं, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघितलंच नाही.

१८६५ नंतर गावचे पाद्री जॉर्ज बटरवर्थ यांनी घराच्या दुरुस्तीत गिलाव्याखालून डोकावणारं जुनं बांधकाम ओळखलं. पुढे बांधकामातच वेदीचा लेख असलेला दुसरा दगडही मिळाला आणि सगळं जुळलं. शेवटी १९६५ मध्ये माळा, गिलावा वगैरे काढून चॅपल मोकळं केलं. आज आत ऑडाच्या लेखाची प्रतिकृती आहे.

मला मनापासून असं वाटतं की हे चॅपल वाचलं ते चुलीमुळे. ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या तिथे भाकरी-तुकडा रांधला त्यांनी ते वाचवलं, पण फलकावर त्यांच्यासाठी एकच वाक्य आहे. ऑडाचं नाव दगडात आहे, एल्फ्रिकचं आहे, बिशपचं आहे. त्या बायकांचं कुठेच नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

गोदाकाठ

फार सुंदर लिहिलंयत ताई. आईंचा प्रश्न वाचून डोळ्यात पाणी आलं, माझी आजी पण कुठल्याही किल्ल्यावर गेली की आधी कोठार आणि पाण्याचं टाकं विचारायची.

एक शंका. लेखात १०५६ हा आकडा कोरलाय का? त्या काळी असं सन लिहायची पद्धत होती?

मोडीप्रेमी

@गोदाकाठ, चांगला प्रश्न. या लेखात सन नाहीच. तारीख रोमन पद्धतीने आहे, "एप्रिलच्या आयड्सच्या आदल्या दिवशी". आयड्स म्हणजे रोमन महिन्याच्या मध्याचा दिवस, एप्रिलचे आयड्स १३ तारखेला, म्हणून १२ एप्रिल. आणि वर्ष दिलंय ते राजाच्या कारकिर्दीचं: इंग्लिशांचा राजा एडवर्ड याच्या राज्याचं १४वं वर्ष.

आता मजा बघा. एडवर्ड गादीवर आला जून १०४२ मध्ये, आणि राज्याभिषेक झाला ३ एप्रिल १०४३ ला. गादीवर आल्यापासून मोजलं तर १४वं वर्ष जून १०५५ ते जून १०५६, त्यातला एप्रिल म्हणजे १०५६. राज्याभिषेकापासून मोजलं तर १४वं वर्ष सुरू होतं ३ एप्रिल १०५६ ला, आणि १२ एप्रिल त्यात नऊ दिवसांनी बसतो. दोन्हीकडून उत्तर एकच. अशी पक्की तारीख त्या काळच्या फार कमी इमारतींना मिळते. आपल्याकडे राज्याभिषेक शक लावताना जी आकडेमोड करतो तीच ही.

आणि हो, दगड सापडला १६७५ ला, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्याच वर्षी. संबंध काही नाही, पण काळ डोळ्यासमोर यायला मदत होते.

"राजप्रासाद" शब्दाबद्दल पण सांगतो. मूळ लॅटिन "रेजिया आउला", शब्दशः राजाचं दालन. त्यामुळे वाचणाऱ्याला महाल आठवतो. पण बॅसिलिका या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थही राजाचं दालनच, आणि तो शब्द चर्चला सर्रास वापरत. लिहिणाऱ्याने तेच लॅटिनमध्ये सांगितलंय असं धरलं की कोडं सुटतं.

सेव्हर्नकाठची

@मोडीप्रेमी दादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं, नऊ दिवसांचं गणित तर आजच आईला फोनवर सांगते.

वीटबंद

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे राहवलं नाही.

ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि त्यामागे साधं कारण आहे: छप्पर. दगडी भिंत हजार वर्षं टिकते पण कधी, तर तिच्या डोक्यावर पाणी मुरत नाही तोपर्यंत. छप्पर गेलं की पाणी वरून भिंतीच्या पोटात उतरतं, चुना धुऊन जातो, थंडीत ते पाणी गोठून फुगतं आणि दगड सुटे होतात, मग झाडांची मुळं, आणि मग गावातले लोक सुटलेले दगड आपापल्या बांधाला नेतात. तेव्हा रिकामं चॅपल म्हणजे गावाची दगडखाण. पण ज्या खोलीत आपण झोपतो त्या खोलीचं छप्पर गळलं तर माणूस दुसऱ्या दिवशी शिडी लावतो. तीनशे वर्षं कोणीतरी शिडी लावत राहिलं म्हणून हे उभं आहे. त्यासाठी त्याला त्या वास्तूचं मोल माहीत असायची गरज नव्हती.

पुन्हा गेलात तर कोपऱ्याचे दगड जरूर बघा. सॅक्सन गवंडी कोपऱ्यात एक लांब दगड उभा लावायचे, त्यावर एक आडवा, मग परत उभा, असा आलटून पालटून. पुढे नॉर्मन लोकांच्या कामात हे दिसत नाही, त्यामुळे ती सॅक्सन हाताची सहीच समजा. आणि त्या उंच खिडक्या बघा, भिंतीच्या मधोमध सगळ्यात अरुंद आणि आत-बाहेर दोन्हीकडे पसरट होत गेलेल्या, डमरू आडवा धरल्यासारख्या. भोक लहान ठेवून उजेड जास्तीत जास्त आत खेचायची युक्ती.

१९६५ च्या कामाबद्दल माझ्या मनात मात्र द्वंद्व आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये लंडनला जुन्या इमारतींच्या रक्षणाची जी संस्था काढली तिचं म्हणणंच हे होतं की इमारतीला एका ठराविक काळात मागे ढकलू नका, तिच्यावर साचलेला प्रत्येक काळ तिचाच आहे. तो निकष लावला तर माळा आणि चूल हाही इतिहासच. पण माळा ठेवला असता तर आज तुम्ही "खोल हौदाच्या तळाशी" उभ्या राहिला नसता. शेजारचं लाकडी घर त्यांनी पाडलं नाही, जोडलेलंच ठेवलं, हे मला त्यातल्या त्यात फार शहाणपणाचं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही काळ एका नजरेत दिसतात.

निशिगंध_७

धागा आवडला पण माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

एका माणसाचा भाऊ गेला. त्याने भावासाठी, जिथे तो गेला त्याच जागी, प्रार्थनेची जागा बांधली. "या जागेवरून देह सोडून गेलेल्या" असं दगडात कोरून ठेवलं. आणि स्वतःही चार महिन्यांत गेला. त्या जागी पुढे भांडी घासली गेली हे मला वाचवणं वाटत नाही, मला ते वाईट वाटतं. भिंती वाचल्या, पण ज्यासाठी भिंती होत्या ते गेलं ना? मी दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ गमावलाय म्हणून कदाचित मला ते जास्त लागलं असेल.

सेव्हर्नकाठची

@निशिगंध, राग कसला गं. उलट तू हे लिहिलंस म्हणून मी परत एकदा सगळा विचार केला.

तू म्हणतेस ते खरंय. ऑडाने मागितलं होतं ते एकच, भावाची आठवण आणि प्रार्थना, आणि ती तर कधीच थांबली होती, चूल पेटायच्या आधीच. १६व्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मच बदलला, मृतांच्या आत्म्यासाठी मास (चर्चमधला प्रार्थनाविधी) म्हणायची जी पद्धत होती ती १५४७ च्या कायद्याने बंदच केली, त्यासाठी ठेवलेली इनामं राजाने घेतली. म्हणजे कोणी एल्फ्रिकसाठी प्रार्थना करतो म्हटलं असतं तरी चाललं नसतं. मग उरल्या चार भिंती. त्यात पाडणं हा एक पर्याय होता आणि राहणं हा दुसरा. राहणाऱ्यांनी अपमान केला असं मला वाटत नाही, त्यांना कळलंच नव्हतं की ते कोणाच्या भावाच्या घरात राहतात.

पण तुझ्या भावाबद्दल वाचून... तुला मेसेज करते.

बोरिवलीकर

हे वाचून मंडपेश्वरची लेणी आठवली. आमच्या घरापासून चालत. मूळची शंकराची लेणी, १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात तिथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केलं, १७३९ ला वसई मराठ्यांनी घेतल्यावर परत चित्र बदललं. आज लेण्यात महादेव आहे आणि डोक्यावर पोर्तुगीज भिंतींचे अवशेष. लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो, तोही एक वापरच म्हणायचा.

सेव्हर्नकाठची

@बोरिवलीकर, मंडपेश्वर मी बघितलंय, शाळेच्या सहलीत. पण एक फरक मला वाटतो. तिथे प्रत्येक बदल कोणीतरी ठरवून, जिंकून केला, आणि आधी काय होतं ते बदलणाऱ्याला पक्कं माहीत होतं. डिअरहर्स्टला कोणी काही ठरवलं नाही, हळूहळू विसर पडला आणि विसरल्यावर घर झालं. मंडपेश्वरचं मंदिरपण लोकांनी मनात धरून ठेवलं म्हणून परत आलं. इथे मनात धरायला कोणी उरलंच नव्हतं, फक्त दगड उरला.

थेम्सपलीकडे

अशीच अजून एक जागा, एसेक्समध्ये ब्रॅडवेलला समुद्राच्या काठी. सेंट पीटर ऑन द वॉल. ही तर ७व्या शतकातली, संत केड लिंडिसफार्नहून बोटीने आला आणि ओथोना नावाच्या पडीक रोमन किल्ल्याच्या भिंतीवरच, किल्ल्याचेच दगड वापरून त्याने चर्च उभं केलं, म्हणून नावात "वॉल". आणि हिचं काय झालं? धान्याचं कोठार! भिंतीत बैलगाडीएवढी, म्हणजे इकडची घोड्याची गाडी आत जाईल एवढी दारं पाडली होती. १९२० मध्ये दुरुस्त करून परत प्रार्थनेसाठी खुली केली. ती दारं बुजवलीयत पण भिंतीकडे नीट बघितलं की वेगळ्या दगडांचं ठिगळ स्पष्ट दिसतं. मला स्वतःला त्या ठिगळाजवळ उभं राहायला वेदीपेक्षा जास्त आवडतं. वारा इतका असतो तिथे की बोललेलं ऐकू येत नाही.

वीटबंद म्हणतात ते छपराचं गणित इथेही तसंच. धान्य भिजू नये म्हणून छप्पर राखलं.

वीटबंद

@थेम्सपलीकडे, ठिगळ तसंच दिसू देणं हीच सगळ्यात चांगली दुरुस्ती. रंग-पोत मिळवून बेमालूम बुजवलं असतं तर तीनशे-चारशे वर्षांचं कोठार एका दिवसात पुसलं गेलं असतं.

सेव्हर्नकाठची

थोडं अवांतर, पण याच गावातलं. सेंट मेरी चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे, सॅक्सन काळातलं, अंगभर गोल गोल वळणांची नक्षी, अगदी आपल्या रांगोळीतल्या वेलीसारखी. ते पात्र मध्यंतरी एका शेतावर पाण्याची कुंडी म्हणून वापरात होतं, आणि त्याचा खालचा खांब वेगळ्याच ठिकाणी सापडला, १९व्या शतकात दोन्ही भाग परत जुळवून चर्चमध्ये ठेवले. या गावात बहुतेक प्रत्येक पवित्र वस्तू काही काळ घरकामाला जाऊन आलीय. आई ते पात्र बघून म्हणाली, "पाणी ते पाणीच, बाळाच्या डोक्यावर घाला नाहीतर गाईला पाजा."

गोदाकाठ

आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

डिसेंबरात मुलीकडे ब्रिस्टलला येतोय, तेव्हा जायचा विचार आहे. थंडीत जाता येतं का? काय सोबत घ्यावं?

सेव्हर्नकाठची

@गोदाकाठ, जरूर जा. फक्त निघायच्या आधी सेव्हर्नच्या पुराचा अंदाज बघा. हिवाळ्यात नदी शेतांवर पसरते आणि गावाकडचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो. जुलै २००७ च्या पुरात ट्यूक्सबरीची काय अवस्था झाली होती ते फोटो तुम्ही बघितले असतील, ॲबीच्या चहूबाजूंना पाणीच पाणी. गमबूट न्या आणि उजेड असताना पोहोचा, चारला अंधार होतो. शेजारच्या घराच्या खिडक्यांत डोकावू नका.

चॅपलमध्ये गेलात की आधी कमानीतून गाभाऱ्यात जा आणि तिथून मागे वळून बाहेरच्या खोलीकडे बघा. डोळ्यांसमोर अर्ध्या उंचीवर माळा उभा करा. वर अंथरुणं, खाली चूल. मी तसं केलं तेव्हा मला पहिल्यांदा ती उंची खरी कळली.

मोडीप्रेमी

वाचनखूण साठवली. ताई, अशा अजून जागा बघितल्या असतील तर लिहा, पुढच्या लेखनाला शुभेच्छा. आणि चूल कुठल्या भिंतीला होती ते शेवटी कळलं का?

सेव्हर्नकाठची

@मोडीप्रेमी, नाही ना. आईने तिच्यापुरतं ठरवलंय, गाभाऱ्याच्या विरुद्ध बाजूची भिंत, "कारण आत म्हातारी माणसं झोपत असतील तर धूर तिकडे जायला नको." तिला घरी जाऊन महिना झाला तरी फोन केला की दोन वाक्यांनी गाडी तिथेच येते. काल विचारत होती, पाणी कुठून आणत असतील, नदीवरून का विहिरीवरून, आणि पुरात गढूळ झालं की काय करत असतील. मी पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, आवाराच्या आसपास विहीर दिसते का ते रस्त्यावरून बघते आणि इथेच लिहिते.